वाजविणारे हात



चालकांनी आम्हाला विषय दिला तो ढोल, ताशा आणि बिगूल वाजविणाऱ्या तरुण पथकांचा व त्यांच्या चढाओढींचा. विषय ऐकून आम्ही प्रथम नाहीच म्हटले. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले; तालाचे ज्ञान आम्हाला आहे ते घोषणा देण्यापुरते. परंतु चालक म्हणाले, "तालाबद्दल बोलणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही वाजविणाऱ्यांबद्दल बोला." हे म्हणणे आम्हाला पटले, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

भाद्रपदात आपल्या गावच्या मिरवणुकीत पन्नास ढोल एकदम घुमू लागले की घरांच्या खिडक्या थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांचीही पावले ओट्यावरून खाली उतरतात. आपण ढोल ऐकतो, ध्वज पाहतो, कोणत्या पथकाला पहिले बक्षीस मिळाले याची चौकशी करतो. वाजविणाऱ्याचे हात मात्र आपण पाहत नाही. ते पाहावेत एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वाजविणे हे काम आहे. ज्याने ते काम पोटासाठी जन्मभर केले त्याला आपण कलावंत मानले नाही, आणि जो तरुण ते हौसेने करतो त्याला आपण काम करणारा मानत नाही. दोन्हीकडे नुकसान होते ते वाजविणाऱ्याचेच.

प्रथम आपल्या घरचे पाहू. आपल्या भागात वाद्य म्हटले की हलगी. एक कडे आणि त्यावर ताणून बसविलेले बकऱ्याचे कातडे, एवढाच तिचा संसार. वाजविण्यापूर्वी काडीकचरा पेटवून तिला शेक द्यावा लागतो, तेव्हा ती ताणते आणि बोलते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. संगतीला घुमके आणि कैताळ. लग्न हलगीवाचून नाही, पोळ्याचे बैल हलगीवाचून वेशीत येत नाहीत, जत्रेतल्या कुस्तीच्या फडात मल्ल हलगीच्या ठेक्यावर शड्डू ठोकतो. सरकारी फर्मान निघाले की गावात दवंडी फिरे, तीही वाद्यावर थाप मारूनच. म्हणजे आनंद, भक्ती, ताकद आणि कारभार ही गावची चारही कामे या एका चामड्यावर चालत.

आणि हे चामडे वाजवायचे कोणी? ते ठरलेले होते. मांगाच्या घरात जन्म झाला की हलगी हातात आली. वाजविण्याचा मोबदला बलुत्यात. म्हणजे खळ्यावर उभे राहून पदरात पडेल तेवढे धान्य. 'आज येत नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही त्याला आमच्या भाषेत वेठ म्हणतात, मग ते काम कितीही सुरेल असो. १९४१ च्या फेब्रुवारी महिन्यात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन म्हणजे गावात मान, अशी समजूत होती. ते वतन हीच आपल्या पायातली बेडी आहे, हे बाबासाहेब कितीतरी वर्षे सांगत होते. त्यानंतर कित्येकांनी गावकीची कामे सोडली, वाद्येही खाली ठेवली. ज्यांनी ती खाली ठेवली त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

तुळजापुरात संबळ आहे. आईच्या दारात गोंधळ्याचा संबळ आणि तुणतुणे वाजते, छबिना निघतो तेव्हा वाद्यांचा गजर होतो. तेही काम पिढीजात. ताशाची गोष्ट जराशी निराळी आहे. ताशा हे मोहरमच्या मिरवणुकीचे वाद्य. पुण्यात १८९३ पूर्वी ताबुतांपुढे हिंदू मंडळीही हौसेने नाचत-वाजवीत, आणि १८९४ पासून गणेशोत्सवात जे मेळे निघाले त्यांचा घाट पुष्कळसा त्या मिरवणुकांवरूनच आला, असे इतिहासकार सांगतात. तेव्हा ताशा कोणत्या धर्माचा हा वाद कोणी काढलाच, तर त्याला सांगावे की ताशाला धर्म नाही; त्याला दोन काड्या आणि दोन मनगटे लागतात.

येथवर जे वाजविणारे झाले ते जन्माने वाजविणारे. हौशी तरुणांच्या हातात वाद्य आले त्याला दोन वाटा आहेत. एक वाट पलटणीतून येते, दुसरी उत्सवातून.

पलटणीची वाट अशी. युरोपच्या फौजांत हुकूम पोचविण्याचे साधन म्हणजे ढोल आणि बिगूल. तोफांच्या आवाजात तोंडचा शब्द ऐकू जात नाही. ढोलाचा ठेका आणि बिगुलाचा सूर ऐकू जातो. हे काम बहुधा पोरांना देत. बारा-चौदा वर्षांची मुले गळ्यात ढोल अडकवून गोळीबारात चालत, कारण मोठा माणूस बंदूक धरायला हवा. बिगुलाला पडदे नसतात, भोके नसतात. ओठांच्या ताणावर चार-पाच सूर काय ते निघतात. तेवढ्या सुरांत उठा, जेवा, धावा, मागे फिरा आणि शेवटी मेलेल्याला सलामी, एवढे सारे सांगावे लागे. इंग्रजी पलटणींबरोबर ही वाद्ये आपल्या देशात आली. पुढे मीरतला पितळी वाद्ये बनविण्याचा धंदा उभा राहिला. तेथील नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. आपल्या लग्नांतला बँडवाला जी तुतारी फुंकतो तिचे आजोळ असे पलटणीत आहे. त्याच्या अंगातला लाल डगला आणि खांद्यावरची झालरही तिकडचीच. डगला सरदाराचा आणि मजुरी हमालाची, हे मात्र आपले.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. अमेरिकेत सैनिक घरी आले, आणि त्यांच्याबरोबर बिगुले नि ढोलही. १९१९ साली माजी सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना निघाली. तिच्या शाखांनी आपापली ढोल-बिगूल पथके काढली आणि त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. मग वस्तीतल्या पोरांसाठी पथके निघाली. कोठे चर्चने काढली, कोठे बालवीरांच्या तुकडीने. पुष्कळशी पोरे गिरणी-कारखान्यांच्या वस्तीतली, कामगारांची. संध्याकाळी रस्त्यावर उनाडण्यापेक्षा पोरगा ओळीत चालायला शिकतो म्हणून आईबाप खूष. स्पर्धेत परीक्षक हातात कागद घेऊन पथकाभोवती फिरत आणि चुका मोजीत. एक टिपरू मागेपुढे पडले की गुणाचा दहावा हिस्सा कापला. ऐंशीच्या दशकापर्यंत ही चुका मोजण्याची रीत टिकली.

या कथेत आम्हाला ज्याची गोडी वाटली तो भाग पुढेच आहे. स्पर्धा भरविणारे निराळे, नियम करणारे निराळे, तिकिटे विकणारे निराळे. पोरे मैलोगणती बसने प्रवास करून यायची, शाळेच्या जमिनीवर निजायची, मैदानात घाम गाळायची. पथकाच्या हातात पडे ते आयोजक देईल तेवढे. नियमांत वाजविणाऱ्यांचा शब्द नाही आणि पैशातही नाही. तेव्हा १९७१ साली पाच पथके एकत्र आली: ट्रूपर्स, कॅव्हेलियर्स, ब्लू स्टार्स, मॅडिसन स्काउट्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड. मैदानावर ही एकमेकांची वैरी. परंतु त्यांनी ठरविले की, आम्ही येऊ तर एकत्र येऊ आणि आमचा मोबदला आम्ही ठरवू. बंधुभगिनींनो, हे आम्ही वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. सात समुद्रांपलीकडे पिसे खोचलेल्या टोप्या घालून वाजविणाऱ्या पथकांनी जे केले ते तंतोतंत संघटनेचे काम होते. पुढच्याच वर्षी, १९७२ च्या ऑगस्टमध्ये, विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे पथकांच्या स्वतःच्या संस्थेने पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरविली. ती कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेन पथकाने जिंकली. ती संस्था, ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल, आजही स्पर्धा भरविते.

तथापि गोष्टीचा शेवट गोड आहे असे समजू नका. पथकांनी कारभार हाती घेतला, वाद्ये सुधारली. बिगुलाच्या झडपा वाढल्या, आणि २००० सालापासून तर कोणत्याही पट्टीतले पितळी वाद्य चालू लागले. खेळ देखणा झाला आणि तितकाच महागही झाला. आज त्या मोठ्या पथकांत वाजवायचे तर एका उन्हाळ्यासाठी तरुणाला स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर भरावे लागतात. ज्या कामगारवस्तीच्या पोरांसाठी पथके निघाली त्यांचीच पोरे आता दाराबाहेर. संघटना केली म्हणजे सारे झाले असे नव्हे. ती कोणासाठी केली हे दरवर्षी नव्याने विचारावे लागते. हा धडा आमच्या कामगार संघटनांनाही लागू आहे.

आता उत्सवाची वाट. लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि मेळे निघाले. एका वेषातली मुले, हातात लेझीम, तोंडात पदे. मेळ्यामेळ्यांत चुरस असे. ही चुरस नुसती सुरांची नाही हे इंग्रज सरकारने ओळखले आणि १९१० च्या सुमारास मेळ्यांवर निर्बंध आले. आपला भाग तर निजामाच्या राज्यात. येथे सभा भरवायची तर परवानगी, आखाडा काढायचा तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी. १९२९ ची त्रेपन्न नंबरची गश्ती म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी कित्येकांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. अशा काळात दहा तरुणांनी एका ओळीत चालणे हीच मोठी गोष्ट होती. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत जे व्यंकटेश खेडगीकर मास्तर म्हणून आले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले, ते त्याआधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करून आले होते. आमच्या धंद्याचा माणूस, म्हणून हा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गावर आल्या, आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. त्यानंतर आपल्या रस्त्यांवर मिरवणूक मोकळी झाली.

लेझीम सोलापूरने जिवंत ठेवली. तेथील गणेशोत्सवातील मंडळांच्या लेझीम तुकड्या आजही पाहण्यासारख्या आहेत. कामगारांच्या चळवळीलाही वाद्याची किंमत कळली होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे, आणि अण्णाभाऊ ज्या समाजात जन्मले त्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. तीच थाप कामगार मैदानात घुमली तेव्हा ती वेठ राहिली नाही. वाजविणाऱ्याला नाही म्हणता येत होते आणि तो हो म्हणत होता, हा त्यातला फरक.

ढोलाची गोष्ट पुण्याची. मुळशी, मावळ या भागांतील शेतकऱ्यांची ढोल-लेझीम पथके विसर्जनाला पुण्यात येत. १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. मिरवणुकीतला धुडगूस पाहून त्यांना वाटले की शिकलेल्या मुलांनी बाजूला उभे राहून नावे ठेवण्यापेक्षा मधे उतरून शिस्तीने वाजवावे. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातात ढोल आणि बरची दिली. सत्तरच्या दशकात मुलीही ढोल बांधून उभ्या राहिल्या. पुढे रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांची पथके निघाली, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तर पथकांचे पीक आले. ताशा पुढे, ढोल मागे. ताशा वळण सांगतो, ढोल ते उचलतो. झांज मोजते, टोल बजावतो, ध्वज वर खाली होतो. लाकडी पिंप जाऊन पत्र्याचे नि फायबरचे आले, चामड्याच्या पानाजागी प्लॅस्टिकचे पान आले. शेक देण्याची गरज उरली नाही, आणि शेक देणाऱ्याचीही.

या पुणेरी शिस्तीचा आपल्या जिल्ह्याशी एक धागा आहे, तो सांगायला हवा. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव रात्री उशिरापर्यंत विसर्जन चालले. थकून लोक घरांत निजले आणि ३० तारखेच्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपात गेली. दगड-मातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसे मेली. आम्ही तेव्हा विशीत होतो. धान्याच्या ट्रकबरोबर त्या भागात गेलो होतो. आदल्या रात्री ज्या हातांत ढोलाची टिपरी होती त्याच हातांनी लोक दगड उपसत होते. आपल्याच लोहारा भागातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे लोक आले, मदतीपाशी थांबले नाहीत, आणि तेथे निवासी शाळा नि शेतीचे केंद्र उभे राहिले. पथकातली शिस्त कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्ही हराळीचे नाव घेतो. ओळीत चालायला शिकलेला तरुण वेळ आली की ओळीत घमेली देतो. बक्षिसाच्या ढालीवर हे कोरता येत नाही, परंतु खरे बक्षीस हेच.

येथपर्यंत गौरव झाला. आता जे बोलायचे ते आम्हाला स्वतःपासून सुरू करावे लागेल.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मे दिनाची मिरवणूक होती. आम्ही पाच हलगीवाले बोलाविले. उन्हाचा कहर, सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत ते वाजवीत चालले. सभा झाली, आमचे भाषण झाले. किमान वेतन, आठ तासांचा दिवस, सारे झाले. संध्याकाळी त्यांच्यातला म्हातारा कचेरीच्या दारात उभा राहिला आणि पैशाचे विचारू लागला. आमच्या खिशात त्या दिवशी काही नव्हते. आम्ही म्हणालो, "बाबा, ही तुमचीच चळवळ आहे. चळवळीत कसले पैसे?"

म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, पाटलानंबी असंच सांगितलं व्हतं. गाव तुमचंच हाय म्हनून."

बंधुभगिनींनो, आम्ही अनेक मालकांसमोर बसलो आहोत, अनेकांचे टोमणे खाल्ले आहेत. एवढे जिव्हारी लागलेले वाक्य दुसरे नाही. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हाताऱ्याने पैसे मोजून घेतले, चहा पाजला, आणि त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. परंतु त्या दिवसापासून कोठेही वाद्य वाजले की आमचे लक्ष प्रथम हाताकडे जाते.

त्यानंतर काही वर्षांनी जिल्ह्यातल्याच एका गावी गणेशोत्सवाच्या स्पर्धेला आम्ही पाहुणे होतो. पहिले बक्षीस एका तरुण पथकाला मिळाले. पोरे-पोरी अप्रतिम वाजवीत होती. मधे एक तुकडा असा आला की आम्ही दचकलो. ती हलगीची चाल होती, ढोलावर चढविलेली. चौकशी केली तेव्हा कळले की, गावातल्या एका जुन्या हलगीवाल्याने दोन महिने रोज संध्याकाळी पोरांना ती शिकविली होती. बक्षीस समारंभात ढाल मंडळाच्या अध्यक्षांनी घेतली, शाल पुढाऱ्याला गेली, आणि शिकविणाऱ्याला नारळ मिळाला. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून कोणी घेतले नाही. पाहुणे म्हणून आम्हीही घेतले नाही, कारण आम्हाला ते सभा संपल्यावर कळले. ही पथके वाईट आहेत असे आमचे म्हणणे नव्हे. ज्या मुली त्या दिवशी ढोल बांधून उभ्या होत्या त्यांच्या आजीला देवळाच्या पायरीवरही मोकळेपणी उभे राहता येत नव्हते. ही थोडीथोडकी मजल नव्हे. जातीच्या कुंपणातून वाद्य बाहेर आले हे चांगलेच झाले. परंतु वाद्य कुंपणाबाहेर आले आणि वाजविणारा आतच राहिला, तर आपण काय केले? त्याची चाल घेतली, त्याचे नाव टाकले. कारखान्यात याला काय म्हणतात ते येथे बसलेल्या कामगारांना सांगण्याची गरज नाही.

आणि तरुणांचेही पाहा. पथकाची सुपारी ठरते, तिचा हिशेब कोणाकडे? ढोल फुटला तर खर्च कोणाचा? कमरेला आठ-दहा किलोंचा ढोल बांधून सहा-सहा तास उभे राहणाऱ्या पोराच्या पाठीचे काय? कानांचे तर विचारूच नका. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, आणि जसजसा आवाज चढेल तसतसा वेळ कमी करावा लागतो. यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या कानात बोळे घालण्यासाठी आम्ही भांडतो. आणि ढोलांच्या मधोमध उभ्या असलेल्या आपल्याच पोरीच्या कानात काही नाही याचे आपल्याला कौतुक वाटते! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. २०२४ साली पुण्यातील हरित न्यायाधिकरणाने एका पथकात तीसपेक्षा अधिक वादक नकोत असा आदेश दिला आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरड झाली. रस्त्यावरच्या माणसाच्या कानाविषयी बोलणे झाले, परंपरेविषयी झाले. वाजविणाऱ्याच्या कानाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

आमच्या जिल्ह्याचे आणखी एक दुखणे आहे. गणपती, नवरात्र आटोपले की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. दसऱ्याला जो पोरगा संबळाच्या तालावर नाचतो तो दिवाळीनंतर फडावर असतो. दुसरा पोरगा पुण्याकडच्या कारखान्यात कंत्राटी लागतो, आणि पुढच्या भाद्रपदात तिकडच्याच पथकात ढोल बांधतो. पथक टिकत नाही ते पोरांना आवड नाही म्हणून नव्हे. गावात काम नाही म्हणून. पथकाचा इतिहास लिहिणाऱ्याने ढाली मोजाव्यात, तसे गाव सोडून गेलेलेही मोजावेत.

मग करावे काय? ठराव मांडण्याची आमची जुनी खोड आहे, ती आपण सहन करावी. आम्ही चार गोष्टी सुचवितो. चारही या गावात, या भाद्रपदापूर्वी होण्यासारख्या आहेत.

पहिली, स्पर्धेच्या समितीत वाजविणारे बसावेत. प्रत्येक पथकाचा एक आणि जुन्या हलगी-संबळ-ताशावाल्यांपैकी निदान दोन. परीक्षकांत एक जागा त्यांचीच असावी. ज्याने आयुष्यभर कान लावला त्याच्यापेक्षा अधिक गुण कोणाला कळणार? दुसरी, पथकाला कोणी शिकविले त्याचे नाव फलकावर लिहावे आणि त्याला शिकविण्याचा मोबदला आधी ठरवून द्यावा. नारळ द्यायचा तर मोबदल्यावर द्यावा, मोबदल्याऐवजी नव्हे. तिसरी, सुपारी व बक्षिसाचा हिशेब पथकातल्या सर्वांसमोर वाचावा, आणि त्यातून प्रथम कानांचे बोळे घ्यावेत, मग फेटे. चौथी, धंदा म्हणून वाजविणारे जे आहेत, हलगीवाले, संबळवाले, लग्नातले बँडवाले, त्यांनी आपला संघ करावा. १९२६ च्या कायद्याने सात माणसांना एकत्र येऊन संघ नोंदविण्याचा हक्क दिला. पुढे कायदे बदलले, पण सातांचा आकडा तोच राहिला. एका लग्नाच्या बँडमध्ये सातांहून अधिकच माणसे असतात! अमेरिकेतल्या पाच पथकांना मैदानावरची चुरस न सोडता एकत्र येता आले, तर एका तालुक्यातल्या चार बँडवाल्यांना एक दर ठरविता येणार नाही काय? लग्नसराईत एकाने दुसऱ्याचा दर पाडायचा आणि दोघांनीही उपाशी राहायचे, ही चढाओढ कोणाच्या फायद्याची?

स्पर्धेला आमचा विरोध नाही. स्पर्धेने हात सुधारतो. परंतु चढाओढ चांगली कोणती आणि वाईट कोणती याची आमची एक साधी कसोटी आहे. ज्या चढाओढीत दोघे अधिक चांगले वाजवू लागतात ती चांगली. ज्या चढाओढीत दोघे अधिक स्वस्तात वाजवू लागतात ती वाईट.

त्या मे दिनाचा म्हातारा आता नाही. त्याचा नातू धाराशिवात पोरांना हलगी शिकवितो आणि शिकवणीचे पैसे आगाऊ घेतो. पहिल्या दिवशीच तो ते सांगून टाकतो. काही लोकांना हे आवडत नाही. कलेचा बाजार मांडला, असे ते म्हणतात. आम्ही मागे मुद्दाम त्याच्या वर्गात जाऊन बसलो होतो. पंधरा-वीस पोरे होती, सर्व जातींची, त्यांत पाच-सहा मुली. त्याने हलगीला शेक दिला, कान लावून पाहिले, पुन्हा थोडा शेक दिला, आणि मग पहिली थाप मारली. पोरांनी एकदम माना वर केल्या. आजोबाला कधी न मिळालेला मान त्या एका क्षणात नातवाला मिळत होता, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नव्हते.

येत्या भाद्रपदात आपण मिरवणूक पाहायला उभे राहाल तेव्हा ढोलाबरोबर हातांकडेही पाहा, आणि बक्षीस जाहीर झाले की एवढेच विचारा, यांना शिकविले कोणी? दहा जणांनी विचारले की पुढच्या वर्षी ते नाव फलकावर येईल.